एल्स्पेट ओगचं पान

मिस्टर हॅलम वही घेऊन मर्डिना गनच्या दारात आला तेव्हा ती गोठ्यातलं शेण ओढत होती. तिने फावडं खाली ठेवलं नाही. जमीनदाराचा हा नवा कारभारी इंग्लंडातला. इकडे पार उत्तरेला, केथनेसला येऊन त्याला आठ महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत तो एकच गोष्ट नीट शिकला होता, ती म्हणजे इथल्या वाऱ्यात टोपी हनुवटीखाली बांधून घ्यावी लागते.

"दफनभूमीत जाऊन आलो," तो म्हणाला. "तुमच्या आजीचं थडगं पाहिलं. त्यावर एल्स्पेट ओग असं नाव आहे. गन नाही. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव असतं, मिस गन."

"तिथं दीडशे बायका झोपल्यात साहेब," मर्डिना म्हणाली. "सगळ्या बापाच्या नावानं. आमच्याकडं बाई नवऱ्याच्या घरी जाते, पण दगडावर माहेरचंच नाव लागतं. तुमच्या हिशोबानं आखमोर गावात दोनशे वर्षांत एकाचंही लग्न झालेलं नाही. पाद्रीबाबाच्या आईचंसुद्धा नाही. जा, त्यांना सांगून या. मी आहे इथंच."

हॅलमचे कान लाल झाले. पण माणूस अगदीच दुधखुळा नव्हता. त्याने वहीचं पान उलटलं.

"थडग्याचं सोडून देऊ. चर्चच्या लग्नांच्या नोंदी मी १८१० पासून १८३० पर्यंत दोनदा वाचल्या. मर्डो गन आणि एल्स्पेट ओग यांचं लग्न त्यात नाही. जमिनीचे वाद ऐकणारे कमिशनर मंगळवारी बसतील तेव्हा मी हेच सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून आलो."

वही मिटून तो निघून गेला. मर्डिनाने फावडं पुन्हा शेणात घातलं.

बाप समुद्रात हेरिंग मासे धरायला गेला तो बुडाला, तेव्हा मर्डिना एकोणीस वर्षांची होती. त्या दिवसापासून तिने ही सात एकर जमीन चुलत्याबरोबर कसली होती. चुलता विल्यम, लग्न न केलेला. सत्तावीस वर्षं दोघांनी मिळून दगड वेचले, जळणासाठी दलदलीतलं पीट खणलं, ओट आणि जव पेरले. फेब्रुवारीत चुलता गेला. नव्या कायद्याने कुळाची जमीन रक्ताच्या वारसाकडे जाते, आणि वारस म्हणून पुतणीच उरलेली. यात कुणाला काही शंका यायचं कारण नव्हतं. पण त्याच कायद्याच्या पोटात एक जुना खिळा होता. आईबापाचं लग्न न होता जन्मलेल्या मुलाला कायद्याने भाऊ नसतो. भाऊ नाही म्हणजे पुतणी नाही. मर्डो आणि एल्स्पेट यांचं लग्न झालंच नसेल, तर त्यांचे दोन मुलगे, विल्यम आणि मर्डिनाचा बाप, एका चुलीवर वाढलेले दोन परके पुरुष ठरत होते, आणि जमीन सरळ जमीनदाराकडे परत जात होती.

तिचं नावसुद्धा आजोबांचं होतं. घरात मर्डोचं नाव चालवायला मुलगा झाला नाही, म्हणून मुलीलाच मर्डिना केलं. सेहेचाळीस वर्षं ते नाव अंगावर वागवल्यावर आता एक टोपी बांधलेला माणूस विचारत होता, की हा मर्डो तुझा कोण.

हद्दीवर उभ्या रोवलेल्या फरशांच्या पलीकडून सँडर बेन सगळं ऐकत होता. पलीकडची जमीन त्याची. मर्डिनाची जमीन सुटली तर ती तुलाच लावून देतो, असं हॅलमने त्याला सांगितलेलं होतं, आणि ही गोष्ट सँडरने अख्ख्या गावाला सांगितली होती.

"वाईट वाटतं गं," सँडर म्हणाला. "पण ओग चक्कीवाल्यांचं रक्त शेवटी. पंधरा पिढ्या लोकांच्या पोत्यातून मूठमूठ पीठ मारलं. ते कधीतरी फिटणारच."

"सँडर, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात," मर्डिना म्हणाली. "हस. सूप फार मोठं नसतं."

तो हसलाच. तिने उरलेलं शेण ओढलं, हात धुतले आणि ओढ्याच्या काठाने चक्कीकडे निघाली.

पाणचक्की बंद पडून नऊ वर्षं झाली होती. चाकाच्या फळ्यांवर शेवाळ चढलं होतं. आत एका खोलीत इझबेल ओग राहायची. एल्स्पेटची ही सर्वांत धाकटी बहीण, मर्डिनाची मावशीआजी, वय शहाऐंशी. दात एक, पण जिभेला तो पुरत असे.

"आजी, माझ्या आजीचं लग्न झालं होतं का?" मर्डिनाने दारातूनच विचारलं.

इझबेल तव्यावर जवाची भाकरी उलटत होती. ती उलटून झाल्यावर म्हणाली, "कोण विचारतंय?"

"कारभारी."

"त्याला म्हणावं, तुझ्या आजीचं झालं होतं का."

"आजी, मंगळवारी माझी जमीन जाईल."

म्हातारीने तवा खाली उतरवला. मर्डिनाला आत ओढून तिने दार लावून घेतलं. मर्डिनाला ठाऊक होतं की या घरात एल्स्पेटचं नाव निघालं की असंच होतं. लहानपणापासून तिला एवढंच सांगितलेलं होतं, की आजी फार चांगली होती आणि तिच्याबद्दल विचारायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. घराण्यातल्या साऱ्यांनी ही मूठ पाऊणशे वर्षं आवळून धरली होती.

"तू भित्री आहेस का?" इझबेलने विचारलं.

"नाही."

"मग पिठाच्या पेटीचा तळ काढ."

पेटी माणूस आडवा मावेल एवढी. तळाची फळी सैल होती. तिच्याखाली मेणकापडात गुंडाळलेलं एक पान होतं, एका बाजूने वेडंवाकडं फाटलेलं. लग्नांच्या नोंदींतलं नव्हे, तर गावाच्या पापांचा न्याय करणाऱ्या चर्चच्या पंचांच्या वहीतलं पान. मर्डिनाने ते खिडकीशी नेऊन वाचलं.

८ मार्च १८१८. मर्डो गन आणि पंच जॉर्ज ओग चक्कीवाला यांची मुलगी एल्स्पेट हजर. दोघांनी कबूल केलं की पाद्री नसताना, चर्चमध्ये पुकारा न करता, चक्कीत दोन साक्षीदारांसमोर त्यांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारलं. अशा बेशिस्त लग्नाबद्दल दोघांनी तीन रविवार चर्चमध्ये सर्वांसमोर स्टुलावर उभं राहावं. यापुढे त्यांना नवरा-बायको समजावं. खाली पाद्र्याची सही होती आणि पंचांच्या सह्या. तिसरी सही जॉर्ज ओगची.

"म्हणजे बापानंच तिला उभं केलं?"

"बापानं," इझबेल म्हणाली. "मर्डोच्या घरात चोरून जातं ठेवलेलं. सगळ्यांनी जमीनदाराच्या चक्कीतच दळलं पाहिजे असा नियम, आणि घरोघरी जाऊन जाती फोडायचं काम आमच्या बापाचं. मग जातेवाल्याला पोरगी कशी द्यायची? त्यांनी विचारलंच नाही बापाला. तो बाजाराला गेला तेव्हा चक्कीत उभं राहून एकमेकांना सांगितलं आणि झालं. मी अकरा वर्षांची. मी तिथंच होते, धान्य ओतत होते. तीन रविवार ती उंच स्टुलावर उभी राहिली, पंचांच्या बाकावर बाप खाली मान घालून. पुढं तो तिच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. ती पलीकडच्या काठावर राहायची. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. आणि रोज सकाळी ती दारात बसून जात्यावर दळायची, मुद्दाम, त्याला दिसेल अशी."

"आणि त्यानं?"

"गावातली सगळी जाती फोडली. तिचं नाही फोडलं." म्हातारीने डोळे पुसले नाहीत, फक्त मिचकावले. "नंतर एका वर्षी वही लिहायचं काम त्याच्याकडं आलं. तेव्हा त्यानं हे पान फाडलं. लाजेनं की मायेनं, मला अजून उमगलेलं नाही. आम्ही सगळे समजलो, पाप झाकलं गेलं. बरं झालं."

मर्डिनाला हसावं की ओरडावं कळेना. इतकी वर्षं ज्या पानाची लाज वाटली, तेच तर लग्नाचं एकमेव कागदपत्र होतं. मुलीची अब्रू वाचवायला बापाने तिचं लग्नच पेटीत पुरलं होतं.

"आजी, अगं लग्न झालंच नसतं तर लग्नाबद्दल शिक्षा कशी झाली असती? बेशिस्त असो, लग्न ते लग्न. आपल्या कायद्याला पाद्री लागतच नाही."

"मला काय माहीत कायदा. शिक्षा झाली म्हणजे पाप, एवढंच आम्हाला शिकवलेलं." इझबेल पुढे झुकली. "मागचं पण वाच. मागचं वाचून तुझ्या तोंडाला पाणी सुटेल."

मर्डिनाने पान उलटलं. त्याच दिवशी मॅरियन स्वॉन्सन पंचांसमोर हजर झाली होती. बिनलग्नाची, पोटुशी. बाप कोण ते सांगायला तिने नकार दिला. पुढे तिने रॉबर्ट बेनशी लग्न केलं, हे मर्डिनाला ठाऊक होतं, कारण मॅरियन ही सँडर बेनची आजी. तेव्हा पोटात असलेला तो मुलगा म्हणजे सँडरचा चुलता जॉन. सँडरची अकरा एकर जमीन याच चुलत्याकडून दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे आलेली. आणि या पानाप्रमाणे जॉन बेन हा कायद्याने कुणाचाच भाऊ नव्हता.

"बघ," इझबेल म्हणाली. "तुझी जमीन एका बाजूला, त्याची दुसऱ्या बाजूला. ठेव कमिशनरांपुढं. वाचू दे त्यांना दोन्ही बाजू. हद्दीवर उभा राहून हसतो ना मेला."

खोटं कशाला सांगा, मर्डिनाला मोह झाला. सँडरचं ते हसू तिला चांगलंच आठवत होतं. तिने पान टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. सँडर तिला आवडत नव्हता, कधीच आवडला नव्हता, आणि त्याला रस्त्यावर आलेला बघायला तिला मजाही आली असती. पण जमीन सुटली तर ती जाणार कुणाकडे? हॅलमच्या वहीत. आज सँडरची, उद्या स्वॉन्सनांची, परवा आणखी कुणाची. आखमोरमध्ये असं कोणतं घर होतं, ज्याची एखादी आजी कधी स्टुलावर उभी राहिली नव्हती?

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," ती म्हणाली. "तो दांडा मी व्हायची नाही."

"मग तुझी जमीन घालवशील?"

"तेही नाही. आजी, थोडं पीठ दे. जवाचं, बारीक."

तिने पातेल्यात खळ शिजवली, चांगली घट्ट. पेटीच्या तळाची ती सैल फळी घासून पुसून घेतली, पानाच्या मागच्या बाजूला खळ माखली आणि पान फळीवर दाबून बसवलं. फाटलेली कड तेवढी दोन बोटं बाहेर ठेवली. सोमवारपर्यंत ते इतकं घट्ट वाळलं, की नखाने कोपरासुद्धा सुटेना.

मंगळवारी शाळेच्या खोलीत तीन कमिशनर मास्तरांच्या टेबलामागे बसले. गावातले बाप्ये पोरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसले होते. कोपऱ्यात पीटची बंद लोखंडी शेगडी धगधगत होती. सँडर बेन तिच्याशेजारीच होता, ऊब घ्यायला. जमीनदाराचा वकील विक शहरातून आलेला. त्याने लग्नाच्या नोंदी वाचल्या, आणि त्यांत जे नव्हतं तेही पुन्हा पुन्हा वाचल्यासारखं सांगितलं.

मग मर्डिना उठली. तिने पाद्रीबाबांना पंचांची जुनी वही आणायला सांगितलं होतं. ती उघडली, १८१८ पाशी फाटलेल्या पानाचं खोड होतं. मर्डिनाने शालीखालून फळी काढली आणि कड त्या खोडाला लावली. प्रत्येक दात प्रत्येक खाचेत बसला. अध्यक्ष चष्मा लावून खाली वाकले आणि त्यांनी मजकूर मोठ्याने वाचायला घेतला.

मर्डिनाने त्यांना थांबवलं. "माझ्या आजीचं आहे. मीच वाचते."

तिने वाचलं. एल्स्पेटचं नाव, स्टूल, तीन रविवार, सगळं. सगळ्या गावासमोर, आवाज न कापता. पाठीमागे कुणीतरी घसा खाकरला, एवढंच. वाचून झाल्यावर इझबेल उठली, विचारायच्या आधीच. "मी तिथं होते," ती म्हणाली. "दोघं बोलली ते मी ऐकलं. पान माझ्या बापानं फाडलं. तो मेलाय, त्याला काय विचारायचं ते वर जाऊन विचारा."

लोक हसले. अध्यक्षांनी हसू मिशीत ठेवलं. वकील मात्र फळीकडे बघत होता.

"हे पान लाकडाला का चिकटवलंय?" त्याने विचारलं. "मागच्या बाजूला काय आहे?"

"दुसरी नोंद आहे."

"कुणाची?"

"माझी नाही," मर्डिना म्हणाली. "मी शपथ घेतली ती माझ्या घराण्याबद्दल खरं सांगायची. दुसऱ्याची घराणी उकरायला मी आलेली नाही."

हॅलम आपल्या खुर्चीत सावरून बसला. मागच्या नोंदीत आणखी कुणाची तरी जमीन अडकलेली असणार, हे आता त्याच्या ध्यानात येऊ लागलं होतं. त्याने वकिलाच्या कानात काही सांगितलं.

"अध्यक्षमहाराज," वकील म्हणाला, "कागदपत्र अर्धं पाहता येत नाही. बादलीभर कोमट पाणी मागवावं. दहा मिनिटांत सुटेल."

मर्डिनाने टेबलावरची फळी उचलली. तिला भीती वाटत होती आणि रागही आला होता, आणि त्या दोन्हींत राग मोठा होता.

"मागवा पाणी," ती म्हणाली. "बादली दारातून आत आली की ही फळी शेगडीत. मग माझ्याकडं लग्नाचा पुरावा नाही, जमीन नाही, काही नाही. मी आज संध्याकाळी गाय सोडून निघून जाईन. पण मागची बाजू तुमच्या कारभाऱ्याला मिळायची नाही. माझ्या आजीला तीन रविवार उभं केलंत तेवढं पुरे. बाकीच्या म्हाताऱ्यांना मी पुन्हा स्टुलावर चढवणार नाही."

सँडर बेन शेगडीजवळ ताठ बसला होता. मघाशी वाचताना ८ मार्च १८१८ ही तारीख त्याने ऐकली होती. जॉन बेन त्याच वर्षी जुलैत जन्मला, हे चुलत्याच्या दगडावर सँडरनेच कोरून घेतलेलं होतं. आणि इझबेल ओग मघापासून दुसरीकडे कुठे न बघता त्याच्याकडेच बघत होती.

अध्यक्षांनी दोन्ही सहकाऱ्यांशी थोडं बोलणं केलं. मग ते वकिलाला म्हणाले, "समोरच्या बाजूवर पाद्र्याची सही आहे, पंचांच्या सह्या आहेत, कड जुळते आहे, साक्षीदार जिवंत आहे. एका लग्नाला आणखी किती बाजू लागतात? पाणी नको." ते कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. मर्डो गन आणि एल्स्पेट ओग हे कायदेशीर नवरा-बायको होते. जमीन मर्डिना गनकडे जाते."

कारकुनाने पानावरचा मजकूर उतरवून घेतला, अध्यक्षांनी त्यावर सही केली. इझबेल खाली बसली आणि तिने खिशातला भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. मर्डिनाने फळी परत हातात घेतली.

पाद्रीबाबांनी हात पुढे केला. "मर्डिना, पान चर्चचं आहे. आता वहीत परत जायला हवं."

"अगदी बरोबर," हॅलम चटकन म्हणाला. "जुन्या नोंदी पुऱ्या असायलाच हव्यात. मी वही वाचायला येईन सवडीनं."

"या की," मर्डिना म्हणाली, "वही वाचा." आणि फळी काखेत धरून ती बाकांच्या मधून शेगडीकडे चालत गेली.

पाद्रीबाबा मागून हाका मारत होते. हे चर्चचं नुकसान आहे, हा गुन्हा आहे, असं ते म्हणत होते, आणि ते खरंही होतं. मर्डिना शेगडीपाशी पोहोचली. लोखंडी दाराची कडी तापून लालसर झाली होती. तिने शालीचं टोक गोळा करायला घेतलं, तेवढ्यात सँडर बेन बाकातून उठला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. डोक्यावरची टोपी काढून त्याने कडीभोवती गुंडाळली, दार उघडलं, आणि फळी पूर्ण आत जाईपर्यंत ते तसंच उघडं धरून ठेवलं.